मालवणातल्या नऊ खोल्या: आपुलकीचा पगार कोण देतं?



आज रात्री रिकामी राहिलेली हॉटेलची खोली उद्या विकता येत नाही. मासळी बाजारातल्या बांगड्याला निदान बर्फ तरी मिळतो, खोलीला तोही नाही. सकाळ उजाडली की त्या रात्रीचे पैसे गेले ते गेले.

ज्याला हे कळलं त्याला लॉजिंगचा निम्मा धंदा कळला. उरलेला निम्मा धंदा म्हणजे, आज राहून गेलेला माणूस पुन्हा तुमच्याकडेच कसा येईल.

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मालवण शहरातलं नऊ खोल्यांचं एक हॉटेल बघितलं. नवरा-बायको चालवतात, मदतीला दोन माणसं. गिऱ्हाईक त्यांना काका-काकू म्हणतं, आपणही तेच म्हणू. हॉटेलचं नाव त्यांच्या इच्छेप्रमाणे गुलदस्त्यात ठेवतोय. व्हिडिओत बारा मिनिटांत जेवढं बसलं तेवढं दाखवलं. हिशेब मात्र राहिला होता. तो इथे मांडतो. तुमचं हॉटेल नसेल, सलून असेल, कपड्यांचं दुकान असेल, क्लास असेल, तरी शेवटपर्यंत वाचा. कामाचं आहे.

समुद्र दिसत नाही, मग विकायचं काय?

आधी जागा समजून घ्या. मालवणला येणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यासमोर तारकर्ली असतं. पांढरी वाळू, माडांची रांग, खिडकीतून समुद्र. तारकर्ली शहरापासून सहा-सात किलोमीटरवर. त्याच्याही पुढे देवबाग, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. १९९७ साली सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली. तेव्हापासून या किनाऱ्यावर घरगुती निवास-न्याहारीपासून मोठ्या रिसॉर्टपर्यंत सगळं उभं राहत गेलं.

आपलं हे हॉटेल मात्र गावात, बाजारपेठेच्या बाजूच्या गल्लीत. खिडकी उघडली की समोरच्या घराची कौलं दिसतात आणि एक फणस. समुद्र नाही. लिफ्ट नाही. जेवणाचा हॉल नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग इथे माणूस कशाला राहील?

तुम्ही स्वतः तिथे उतरलाय असं समजा. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी जिथून सुटते तो धक्का चालत जाण्याच्या अंतरावर. एसटी स्टँड जवळ. आईची गोळी संपली तर औषधाचं दुकान दोन मिनिटांवर. निघताना मालवणी खाजा, कोकम, काजू घ्यायचे तर रिक्षा करायला नको. किनाऱ्यावरच्या खोलीत समुद्र मिळतो, पण यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी गाडी काढावी लागते.

काकांनी हे नीट ओळखलंय. फोनवर ते आधी कमी काय आहे ते सांगतात. "समुद्र दिसत नाही. लिफ्ट नाही, वरच्या मजल्याला बावीस पायऱ्या आहेत. बरोबर म्हातारं माणूस असेल तर आत्ताच सांगा, खालची खोली ठेवतो." त्यानंतर गावात राहण्याचे फायदे.

बघा, गिऱ्हाईक चिडतं ते खोली लहान आहे म्हणून नाही. फोटोत मोठी दिसली होती म्हणून चिडतं. उणीव तुमच्या तोंडून आधी कळली तर ती माहिती असते. गिऱ्हाइकाला नंतर कळली तर ती फसवणूक वाटते.

पहाटे साडेपाच: गिऱ्हाइकाचा सगळ्यात वाईट तास

मुंबई-पुण्याहून रात्रीच्या बसने निघालेला माणूस पहाटे मालवणात उतरतो. रेल्वेने आलेला सकाळी कुडाळला उतरून तीसेक किलोमीटर आत येतो. अंग आंबलेलं, पोरं किरकिरी, बायकांना आधी बाथरूम हवं. आणि खोली कधी मिळणार? दुपारी बारा वाजता.

यात हॉटेलवाल्याचीही चूक नाही. आधीचा पाहुणा खोलीत झोपलेला आहे, त्याला कसं उठवणार? पण बहुतेक ठिकाणी या वेळी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. काउंटरवरचा पोरगा पेंगत असतो, "बारा वाजता चेक-इन" म्हणतो आणि परत मान टाकतो. नियम बरोबर, पण पाहुणा गेला. तो दोन दिवस राहील, पैसे देईल, पण पुन्हा येणार नाही.

या हॉटेलने काय केलं? मागच्या अंगणात एक बाथरूम आणि एक संडास फक्त लवकर आलेल्यांसाठी ठेवलाय. गरम पाणी, कपडे टांगायला भिंतीवर भरपूर खुंट्या, एक आरसा, कोरडं पायपुसणं. बाहेर बाकडं आणि सामान ठेवायला कुलपाचं कपाट. तुम्ही दारात दिसलात की काकू विचारतात, "इलात? बसा वायच. खयसून इलात?" आणि चहा येतो. त्या चहाचे पैसे बिलात लागत नाहीत.

साडेसातपर्यंत तुमची आंघोळ झालेली असते, पुढ्यात आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ असते, आणि बारापर्यंत काय करायचं याचा कागद हातात असतो. तोवर खोली मिळालेली नसते, पण मुक्काम सुरू झालेला असतो.

तुमच्या धंद्यात हे पहाटेचे साडेपाच कुठे आहेत ते शोधा. सलूनमध्ये शनिवारी संध्याकाळी ताटकळत बसलेला माणूस. कपड्याच्या दुकानात बदलायला पिशवी घेऊन आलेली ताई. क्लासच्या पहिल्या दिवशी दाराबाहेर घुटमळणारा मुलगा. गिऱ्हाइकाच्या वाईट तासात त्याला कोण भेटलं हे त्याच्या कायम लक्षात राहतं. चांगल्या तासात काय, सगळेच गोड बोलतात.

हातातला कागद आणि दाराजवळचा फळा

तो कागद म्हणजे हाताने काढलेल्या नकाशाची झेरॉक्स. धक्का, मासळी बाजार, खानावळ, दवाखाना, एटीएम. बस्स. आणि दाराजवळ एक काळा फळा आहे. त्यावर रोज संध्याकाळी उद्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि एक ओळ. "दुपारनंतर वारा वाढेल, किल्ला सकाळीच उरका" अशा छापाची.

आता किल्ला बघायला जाणाऱ्या माणसाला काय लागतं? इतिहास त्याला गाइड सांगेल. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर काम सुरू केलं, हिरोजी इंदुलकरांनी बांधकाम पाहिलं, भर समुद्रात असूनही आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, राजाराम महाराजांनी उभारलेलं शिवाजी महाराजांचं मंदिर आहे. हे सगळं छानच. पण बरोबर सात वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांची आई असलेल्या माणसाला वेगळी काळजी असते. होडीत चढताना आईला जमेल का? ऊन किती लागेल? गर्दी कधी असते?

काकू याच प्रश्नांची उत्तरं देतात. टोपी घ्या, आत सावली कमी आहे. पाणी बरोबर ठेवा. आजींना होडीत मधल्या फळीवर बसवा. सुट्टीच्या दिवशी पहिल्या होड्या गाठा. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा कोणी जूनमध्ये फोन केला तर "किल्ल्यासाठी येत असाल तर आत्ता येऊ नका" असं त्या स्पष्ट सांगतात.

हातचं बुकिंग घालवलं? हो, एक घालवलं. पण त्या घराला कळलं की इथे खरं सांगतात. दिवाळीनंतर निघायचं ठरलं की पहिला फोन कुणाला जाईल, सांगा.

जे आपलं नाही ते शेजाऱ्याला द्या

मालवणला माणूस मासे खायला येतो. मग या हॉटेलात जेवण का नाही? मीही हाच प्रश्न विचारला. काका म्हणाले, "नऊ खोल्या, फार तर वीस माणसं. त्यातली निम्मी बाहेरच जेवणार. उरलेल्या दहांसाठी आचारी ठेवायचा, सुरमई आणून ठेवायची आणि राहिली तर काय करायचं?"

म्हणून ते फक्त नाश्ता देतात. एक दिवस आंबोळी, एक दिवस घावणे आणि नारळाची चटणी. जेवायला गल्लीच्या टोकाला एका बाईंची खानावळ आहे, तिकडे पाठवतात. तिथून काका एक रुपया कमिशन घेत नाहीत. त्यामुळे आज काय खावं हे ते मोकळेपणाने सांगू शकतात. "आज बांगडा ताजा आहे, सुरमई कालची असेल, विचारून घ्या." जून-जुलैत मासेमारी बंदी असते, तेव्हा "आता कोंबडी-वडे खा, मासे बर्फातले असतील" हेही सांगतात.

सल्ल्यामागे कमिशन आहे असा वास आला की गिऱ्हाईक तुमचा कुठलाच सल्ला मानत नाही. आणि खानावळवाल्या बाई काय करतात? त्यांच्याकडे जेवायला आलेल्या माणसाने राहायची सोय विचारली की बोट या हॉटेलकडे दाखवतात. दोघांनी एकमेकांना पैसे दिले नाहीत, गिऱ्हाईक दिलं.

दोन वह्या

कायद्याने लागणारं रजिस्टर सगळ्यांकडे असतं. नाव, पत्ता, ओळखपत्र. काकूंकडे दुसरी एक वही आहे. तिच्यात काय लिहिलेलं असतं?

"आजींचे गुडघे, खालचीच खोली. बिनसाखरेचा चहा." "मुलगा अंधाराला घाबरतो, पॅसेजचा दिवा चालू ठेवणे." "दरवर्षी आंगणेवाडीच्या जत्रेला येतात, तारीख ठरली की कळवणे."

ही शेवटची ओळ मला फार आवडली. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते, कॅलेंडरमध्ये आधी छापलेली नसते. ती जाहीर झाली की आसपासच्या खोल्या पटापट भरतात. काकू त्याच दिवशी वहीतल्या लोकांना मेसेज टाकतात, "तारीख ठरली. तुमची खोली दोन दिवस धरून ठेवते, कळवा."

यात जाहिरात कुठे आहे? ऑफर कुठे आहे? समोरच्याचं काम सोपं केलं, एवढंच. आणि एक पथ्य त्या पाळतात. वहीत फक्त सेवेच्या कामाचं लिहायचं, पाहुण्याच्या खासगी गोष्टी नाही. तुम्हीही तेच पाळा.

आता हिशेब

इथपर्यंत वाचून काही जण म्हणत असतील, "सर, हे सगळं गोड आहे, पण यात पैसा कुठे आहे?" चला, कागद-पेन घ्या. हे आकडे त्या हॉटेलचे नाहीत, समजायला सोपे म्हणून मी धरलेत. तुम्ही तुमचे घाला. जीएसटी तूर्त बाजूला ठेवू.

खोल्या ९. भाडं रात्रीला २,००० रुपये. सगळ्या खोल्या रोज भरल्या तर वर्षात ३,२८५ रात्री होतात. पावसाळा धरून आपण १,५०० रात्री विकल्या असं मानू. सरासरी मुक्काम दोन रात्रींचा, म्हणजे वर्षात ७५० मुक्काम.

यातल्या १,००० रात्री बुकिंग ॲपवरून आल्या. ॲपचं कमिशन साधारण १५ ते २५ टक्क्यांच्या घरात असतं, आपण २० धरू. एका रात्रीमागे ४०० रुपये. वर्षाचे ४,००,००० रुपये.

समजा, त्या १,००० पैकी निम्म्या रात्री हळूहळू जुन्या पाहुण्यांच्या थेट फोनवरून यायला लागल्या. ५०० गुणिले ४००, वाचले २,००,००० रुपये.

आता आपुलकीचा खर्च. ७५० मुक्काम, प्रत्येकी दोन माणसं, दहा रुपयांचा चहा: १५,००० रुपये. अंगणातल्या बाथरूमचं गरम पाणी, साबण, सफाई मिळून आणखी १५,००० धरा. एकूण ३०,०००.

राहिले १,७०,००० रुपये. हे कुठे गेले?

जूनमध्ये काय होतं?

इथे खरी गोष्ट आहे मित्रांनो.

जून लागला की मालवणचा नूर बदलतो. किल्ल्याच्या होड्या बंद, पाण्यातले खेळ बंद, मासेमारी बंद. खोल्या ओस पडतात. अशा वेळी लहान हॉटेलवाला पहिलं काय करतो? माणसं कमी करतो. "पाऊस संपला की ये" म्हणून सांगतो. त्याचंही चूक म्हणता येत नाही, गल्ल्यात पैसेच नसतात.

पण तो माणूस चार महिने घरी बसून राहत नाही. गोवा जवळ आहे. तिथे हॉटेलात काम मिळतं. ऑक्टोबरमध्ये तुम्ही फोन करता तेव्हा तो म्हणतो, "मी हयच बरो आसय." मग सीझनच्या तोंडावर नवीन पोरगा येतो. त्याला वही माहीत नाही, आजींचे गुडघे माहीत नाहीत, पहाटे दारात उभ्या राहिलेल्या माणसाशी काय बोलायचं ते माहीत नाही. तो काय म्हणणार? "बारा वाजता चेक-इन."

म्हणजे बघा, पावसाळ्यात वाचवलेला पगार दिवाळीत पाहुणा घालवतो.

काका-काकूंनी ठरवलंय, दोन्ही माणसं पावसाळ्यातही पगारावर राहतील. आपल्याच हिशेबात घालून बघा. १४,००० रुपये पगार, दोन माणसं, चार महिने: १,१२,००० रुपये. वाचलेल्या १,७०,००० मधून हे गेले. उरले ५८,०००. ते रंगाला आणि डागडुजीला. समुद्राकाठी खारी हवा बिजागऱ्या, एसीचे पत्रे, नळ काहीच सोडत नाही. ती दोन माणसं पावसात हेच काम करतात. चार खोल्या बंद करून घासकाम, पॉलिश, गाद्या उन्हाची तिरीप मिळाली की बाहेर. बाकी खोल्या चालू ठेवतात.

आणि गणपतीत? चाकरमानी गावाला येतात, घरं माणसांनी भरून जातात. एका घरात चार भावांची बिऱ्हाडं. मग एखादं कुटुंब रात्री झोपायला शहरात खोली घेतं. हे गिऱ्हाईक ॲपवर शोधत नाही. गावातल्या कुणाला तरी विचारतं, आणि गावातल्यांना माहीत असतं की हे हॉटेल पावसातही उघडं असतं.

आता साखळी जोडून बघा. चांगली वागणूक मिळाली म्हणून पाहुणा थेट आला. थेट आला म्हणून कमिशन वाचलं. कमिशन वाचलं म्हणून पावसाळ्यात माणसं टिकली. माणसं टिकली म्हणून दिवाळीत पुन्हा तीच चांगली वागणूक मिळाली.

आपण म्हणतो, कोकणी माणूस मुळातच अगत्यशील. असेल. पण सीझनमध्ये रोज पहाटे साडेपाचला हसतमुखाने दार उघडायचं तर नुसता स्वभाव पुरत नाही. दार उघडणाऱ्याच्या घरी जुलैमध्ये चूल पेटलेली असावी लागते. अगत्य स्वभावातून सुरू होतं, टिकतं मात्र हिशेबावर.

मग ॲप बंद करायचं का?

अजिबात नाही! नवीन माणूस तुम्हाला तिथेच सापडणार. पहिल्या वेळचं कमिशन हा जाहिरातीचा खर्च समजा. तोच माणूस तिसऱ्यांदा ॲपवरूनच येत असेल तर मात्र स्वतःला विचारा, त्याच्याकडे माझा नंबर आहे का? निघताना त्याला "पुढच्या वेळी थेट फोन करा" असं कुणी म्हटलं का?

एक सावधगिरी. ॲपवर झालेलं बुकिंग रद्द करायला लावून ते थेट घेऊ नका. करार मोडतो, आणि पाहुण्यालाही कळतं की हा माणूस शब्द पाळत नाही. जे बोलायचं ते पुढच्या मुक्कामाबद्दल.

तुम्ही पाहुणे म्हणून जाणार असाल तर

दोन-तीन गोष्टी. बुकिंग करताना पोचण्याची खरी वेळ सांगा, लहान हॉटेलला तेवढ्यावर तयारी करता येते. बरोबर वयस्कर माणूस असेल तर आधी सांगा. किल्ला सकाळी, बाजार संध्याकाळी. एकदा राहिलात आणि आवडलं तर पुढच्या वेळी थेट फोन करा. तुमच्या एका फोनचे ४०० रुपये कुणाच्या तरी जुलैच्या पगारात जातात.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीत लिहा, मोबाइलमध्ये नको.

१. माझ्या गिऱ्हाइकाचा सगळ्यात वाईट तास कोणता? त्या वेळी त्याला कोण भेटतं?

२. माझ्या धंद्यातली कुठली उणीव मी गिऱ्हाइकाला आधीच सांगू शकतो?

३. कुठलं काम शेजारी माझ्यापेक्षा चांगलं करतो? ते मी त्याच्याकडे मोकळ्या मनाने पाठवतो का?

४. मागच्या वर्षीच्या गिऱ्हाइकांपैकी किती जण परत आले? आकडा लिहा. अंदाज नको.

५. माझा पावसाळा कोणता? मंदीच्या महिन्यांत मला कुठलं माणूस गमावून चालणार नाही, आणि त्याच्या पगाराची सोय मी आत्तापासून कुठून करतोय?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर लिहायला वेळ लागेल, लागू द्या. सीझन चालू असताना दर आठवड्याला थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात केलीत, तरी या लेखाचं सार्थक झालं. आकडे मांडून झाले की पाठवा, निवडक हिशेब आपण एका व्हिडिओत सोडवू.

भेटू पुढच्या आठवड्यात. धंदा सांभाळा, माणसं सांभाळा!